अकरा मिनिटं बाकी

रेफ्रीच्या नशिबात दोन गोष्टी चिक्कार असतात, शिव्या आणि किस्से. शिव्या मैदानावर सोडून येता येतात, किस्से मात्र घरापर्यंत मागं येतात. उस्मानपुऱ्यात मी आणि जावेद चहाला बसलो की दुसऱ्या घोटाला ती फुटबॉलची फायनल निघतेच!

आम्ही दोघं लाइन्समन. मी शाळेत पी.टी. शिकवतो, जावेदचं औरंगपुऱ्यात चपलांचं दुकान आहे. आणि आमचे मेन रेफ्री गायकवाड सर. साठी पूर्ण झालेली, म्हणजे नियमाप्रमाणं ही त्यांची शेवटची मॅच. सरांचा एकच अभिमान होता, आणि तो ते दर मॅचच्या आधी ऐकवायचे. "सुरू केलेली मॅच आपन अर्धी सोडली नाय. पाऊस येऊ दे, बैल येऊ दे, शेवटची शिट्टी आपलीच!"

* * *

फायनल होती लालवाल्यांची आणि पिवळेवाल्यांची. क्लबांची नावं घेत नाही, मला याच शहरात राहायचंय.

दोन्ही कॅप्टन एकमेकांचे मेव्हणे. पिवळ्याची बहीण लालवाल्याकडं दिलेली. नातं झाल्यावर वैर कमी होईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण झालं भलतंच. टॉसच्या वेळी आधी हात कोण पुढं करणार यावर दोघं अडून बसले. एक म्हणतो, मी जावई आहे. दुसरा म्हणतो, मी वयानं मोठा आहे!

सरांनी दोघांचे हात धरून एकमेकांत कोंबले. "झाली सोयरीक. नाणं टाका आता."

* * *

अकरा मिनिटं उरली होती, स्कोअर एक-एक. बॉल लाइनच्या बाहेर गेला आणि मी लालवाल्यांना कॉर्नर दिला. पिवळ्यांच्या पब्लिकचं म्हणणं, कॉर्नर नाही, गोलकिक.

पहिली प्लॅस्टिकची खुर्ची उडाली ती तिथून. मग लालवाल्यांकडून दोन. मग कोण कुणाला मारतंय ते कळेना. आजही सांगतो, तो कॉर्नरच होता!

त्या गोंधळात एका म्हाताऱ्या चहावाल्याची किटली उलटली आणि त्याच्या कपाळाला चार टाके पडले. बाकी सगळं सांगताना हसू येतं, हे सांगताना येत नाही. लाज वाटते.

* * *

सर जागचे हलले नाहीत. एक धिप्पाड माणूस खुर्ची डोक्यावर धरून त्यांच्या अंगावर धावत आला. सरांनी काय करावं? खिशातून रेड कार्ड काढलं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं!

तो प्रेक्षक हो! त्याला कशाचं कार्ड? पण गडी कधीकाळी खेळलेला असावा. जागच्या जागी थांबला, खुर्ची खाली ठेवली आणि म्हणाला, "सर, मी काय केलं? आधी त्याला दाखवा ना!"

"बाहेर," सर म्हणाले.

आणि तो मान खाली घालून चक्क बाहेर गेला.

* * *

जावेद मात्र पळाला. घाबरून पळाला, हे तोच सांगतो. पळता पळता मैदानाबाहेर थेट रस्त्यावर गेला, हातातला झेंडा तसाच वर. तर समोरून येणाऱ्या रिक्षा कचाकच ब्रेक मारून थांबल्या. एक बसही थांबली.

"बीस साल से झंडा दिखारा मैं," जावेद सांगतो, "इस शहर में पैली बार कोई माना, मियाँ!"

* * *

सर, मी आणि दोन्ही कॅप्टन सामानाच्या खोलीत घुसलो आणि आतून कडी लावली. खोली कसली, कपाटच ते. जाळ्या, चुन्याची पोती आणि आम्ही चौघं. जागा इतकी कमी की पिवळा कॅप्टन लालवाल्याच्या मांडीवर.

तेवढ्यात लालवाल्याचा फोन वाजला. बायको. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "अहो, मैदानावर लई मारामारी चालू हाय म्हणं! माझा भाऊ कुठंय?"

"मांडीवर बसलाय," तो म्हणाला.

मग ती म्हणाली, "प्यालात का तुम्ही?"

* * *

पोलिसांनी मैदान रिकामं केलं. साहेब सरांना म्हणाले, "मॅच रद्द लिहा आणि घरी जा."

"नाय लिहिणार. अकरा मिनिटं बाकी हायेत."

स्पर्धेच्या कमिटीनंही समजावलं, कप दोघांना वाटून देऊ, विषय संपवा. सर ऐकेनात. रोज सकाळी गळ्यात शिट्टी घालून ठाण्यात जाऊन बसायचे. साहेब विचारायचे, "तक्रार आहे का?" सर म्हणायचे, "नाय. परवानगी पायजे."

आठव्या दिवशी साहेब वैतागले. रविवारी सकाळी, फक्त अकरा मिनिटं, आणि आत एकही प्रेक्षक नाही. बरोबरी राहिली तर कप वाटून. सरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, सोडेचनात.

* * *

रविवारी पब्लिक आलंच, पण भिंतीबाहेर. लाल एका बाजूला, पिवळं दुसऱ्या बाजूला. आतलं दिसणारा एकच माणूस, गेटवरचा हवालदार. त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. लोकांनी त्यालाच कॉमेंट्री करायला लावली.

"लालवाल्यानं लाथ मारली!"

"कुणाला?"

"चेंडूला रे बाबा!"

"मग?"

"आता सगळे तिकडं पळायलेत. हां, आता सगळे इकडं पळायलेत. एक पडला... उठला. काय लागलं नाय, नाटक करायलाय!"

भिंतीबाहेर लाल आणि पिवळे दोघंही हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच एकत्र.

* * *

आत मॅच माझ्या कॉर्नरनंच सुरू झाली. एक-एकच राहिलं. माझ्या घड्याळात अकरा मिनिटं भरली. सरांनी आपलं घड्याळ बघितलं, ते मी पाहिलं. शिट्टी त्यांच्या तोंडातच होती.

बारा झाली. तेरा झाली. पलीकडून जावेद मनगट दाखवून हातवारे करू लागला. सर त्याच्याकडं बघेचनात. बॉलच्या मागं पळत होते, धाप लागलेली, सदरा घामानं भिजलेला.

शेवटी मी लाइन सोडून आत धावत गेलो. "सर, टाइम झाला! चार मिनिटं वर झाली!"

सरांनी बॉलवरची नजर काढली नाही.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "खेळू दे की रं जरा."

मी झेंडा घेऊन गुपचूप लाइनवर परत गेलो.