तान्ह्या पोळ्यातलं जांभळं खोगीर

आमच्या शोकेसमध्ये चांगल्या कपबशा खालच्या फळीवर आहेत आणि वरच्या दोन फळ्यांवर राक्षस. राक्षस म्हणजे प्लास्टिकचे वीतभर उंचीचे योद्धे. कुणाला सरड्याचं तोंड, कुणाला पंख, कुणाच्या छातीवरचं चिलखत काढता-घालता येतं. पाहुणे आले की आधी तिकडे बघतात, मग माझ्याकडे. मी चहा ठेवायला म्हणून आत जाते. सून बाहेर सांगते, "आईंचं आहे ते सगळं."

हे सगळं मुलाच्या जुन्या खेळण्यांच्या गोणीपासून सुरू झालं. तो लहान असताना नागपुरात बर्डीच्या फुटपाथवरून मी त्याला असे योद्धे आणून द्यायचे. तो थोडे दिवस खेळायचा आणि मग क्रिकेटला पळायचा. तो शाळेत गेला की दुपारी मीच त्यांना खिडकीत उभं करून बघायचे. माझी शाळा चौथीनंतर सुटली, घरात धाकटी भावंडं सांभाळायची होती. खेळणं माझ्या हातात आलं ते असं, आई झाल्यावर.

आम्ही शहराच्या कडेला बेसाला राहायला आलो तेव्हा ती गोणी उघडली. अर्ध्या लोकांचे पाय निखळले होते. पाय धरून ठेवणारा कंबरेतला रबर कुजला होता. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते, त्यामुळे इलॅस्टिकचे तुकडे हाताशी असतात. गरम पाण्यात कंबर बुडवली की प्लास्टिक मऊ पडतं. मग आत इलॅस्टिक ओवायचं, दोन्ही पायांचे आकडे त्यात अडकवायचे आणि गार पाण्यात सोडायचं. पहिला योद्धा पोळपाटावर स्वतःच्या पायांवर उभा राहिला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसले होते.

सुनेने त्याचा फोटो काढून मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये टाकला. तोवर मला वाटायचं, असला नाद मला एकटीलाच आहे. पण तिथे मोठमोठी माणसं हरवलेल्या तलवारींसाठी हळहळत होती. कुणाला लहानपणीची ढाल हवी होती, कुणाकडे पंख होते तर पंखवाला नव्हता. एकाने विचारलं, हा योद्धा कसा आहे, घ्यावा का? मला टाइप करायला वेळ लागतो. सून म्हणाली, "आई, बोलूनच पाठवा ना. कोणी बघत थोडीच हाय तुम्हाले."

तेव्हापासून मी बोलून पाठवते. दुपारी घर रिकामं असलं की ओट्याजवळ उभी राहते, डोळे मिटते आणि फोन तोंडाजवळ धरते. सुरुवात नेहमी एकच असते, "नमस्कार. आज आपण अमुक पाहू." हा टेका न लावता उभा राहतो का, हातातलं शस्त्र हलवलं की पडतं का, कापडी झगा असेल तर त्याची शिवण कशी आहे, रंग कुठे उडाला आहे, हे सगळं सांगते. शेवटी गुणांऐवजी आणे देते, सोळापैकी. बारा आणे, चौदा आणे. सोळा आणे मी अजून कुणाला दिलेले नाहीत. त्यावरून ग्रुपमध्ये माझी चेष्टा चालते. मे महिन्यात मात्र हे काम बंद असतं. आमच्या उन्हात माझे योद्धे गुडघ्यात वाकतात आणि सगळे एकदम नमस्काराला बसल्यासारखे दिसतात. मग त्यांना कूलरच्या खोलीत हलवावं लागतं.

ग्रुपची एक रीत आहे. ज्याच्याकडे दुर्मिळ वस्तू असेल तो ती दुसऱ्याला बघायला पाठवतो. बघायची, त्याबद्दल सांगायचं आणि जशी आली तशी परत करायची. कुणी हरवली तर त्याला पुन्हा कुणी काही पाठवत नाही. भांडण होत नाही. नुसतं पाठवणं बंद होतं. एका माणसाचं तसं झालेलं मी पाहिलं होतं. तो अजून ग्रुपमध्ये आहे, सकाळी फुलांचे फोटो पाठवतो.

माझ्याकडे एक प्लास्टिकचं जनावर होतं. तांबडं, सिंहाचं अंग, बैलाचं डोकं, पुढे वळलेली मोठी शिंगं. जुन्या बाजारात ते मला कुकरच्या शिट्ट्यांच्या ढिगात सापडलं. पण त्याच्या पाठीवर बसायचं खोगीर नव्हतं आणि खोगिराशिवाय त्याच्यावर एकही योद्धा टिकत नव्हता. मी ग्रुपमध्ये हे बोलले. उमरेडहून एका भाऊंचा निरोप आला, "ताई, खोगीर माह्याकडे हाय, जनावर नाही. पाठवतो. दोघांले एकदा एकत्र पाहा आन् सांगा कसं दिसते ते."

त्यांनी ते एसटीच्या कंडक्टरजवळ दिलं. जांभळं, मऊ प्लास्टिकचं, दोन बोटं रुंद. पोटाखाली चाप, दोन्ही बाजूंना तलवार खोचायला भोकं. जनावराच्या पाठीवर ठेवलं आणि मी मागे सरून बघतच राहिले. भाऊंना कळवलं की खोगीर आलं आणि नीट बसलं. ते म्हणाले, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरला यायचं आहे, संध्याकाळी बेसाच्या चौकातून फोन करतो आणि घेऊन जातो. त्याच्या आत मला त्याबद्दल बोलून पाठवायचं होतं.

आता तान्हा पोळा. पोळ्याला खरे बैल आणि दुसऱ्या दिवशी मुलांचे लाकडी नंदी, चाकांच्या पाटावर, दोरीने ओढत न्यायचे. आमच्या वस्तीत मैदानावर मांडव पडतो, तोरण बांधतात, सजवलेल्या नंदीला बक्षीस असतं. माझी नात पहिलीत आहे. तिचा नंदी होता, पण त्याचा एक पाय सकाळीच मोडला. ती शोकेससमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, याले शिंगं हाय ना?"

"आहेत."

"मंग हा बैलच झाला."

मला हो म्हणावं लागलं. जनावर मी नंदीच्या चाकांच्या पाटावर बांधलं. उरलेल्या जरीच्या कापडाची झूल शिवली, कडेने पिको केला, चारी कोपऱ्यांना गोंडे लावले. इथवर ठीक होतं. पण ते समोर ठेवल्यावर मला ओकंबोकं वाटलं. पोळ्याला बैल कुणी कमी सजवून नेत नाही, आहे नाही ते सगळं त्याच्या अंगावर घालतात. मी झुलीवर ते जांभळं खोगीर चढवलं. चाप झुलीच्या जाडीमुळे नीट बसला नाही, हे माझ्या बोटांना कळलं होतं. तरी म्हटलं, जाऊन तर यायचं आहे.

मैदानावर ही गर्दी. धोतर-फेट्यातली मुलं, दोऱ्या एकमेकींत अडकलेल्या, पालक फोटोसाठी वाकलेले. एक काकू आमच्या जनावराकडे बघून म्हणाल्या, "हा कोणत्या गावचा बैल वं पोरी?" नात म्हणाली, "हा लढाईतला हाय." आम्ही तोरणापाशी पोचलो आणि मी खाली पाहिलं. झूल होती. खोगीर नव्हतं.

आम्ही आलो तसे मागे गेलो. मी खाली वाकून फक्त पाय बघत होते. चपला, चाकं, चुरमुरे, फुटलेले फुगे. एवढ्या पायांखाली ते मऊ प्लास्टिक किती वेळ टिकणार? संध्याकाळ होत आली होती. भाऊ केव्हाही फोन करतील. त्यांना काय सांगणार? आणि त्यानंतर मीही सकाळी फुलांचे फोटो पाठवत बसणार.

"आजी, माइकवर सांग ना," नात म्हणाली. "तिथं हरवलेल्याचं सांगतात."

मी दुकानात उरलेले सुटे मागायलाही लाजते. पण ती माझा हात ओढत स्टेजपाशी घेऊन गेली. माइकवाले खाली वाकले.

"बोला काकू, पोरगं हरवलं का?"

"खोगीर," मी म्हटलं.

"काय?"

"खोगीर हरवलं."

त्यांनी माइक तोंडाशी धरूनच विचारलं, "आन् घोडा कुठी हाय मंग?" सगळं मैदान हसलं. नातीने पाट उचलून दाखवला, "हा काय!" मग आणखी हसले. माइकवाले म्हणाले, "मले नाही सांगता येणार काकू, तुम्हीच सांगा," आणि माइक माझ्या हातात दिला.

माइक हातात जड लागत होता. मी डोळे मिटले, तो फोनसारखा तोंडाजवळ धरला आणि तोंडातून आलं ते रोजचंच.

"नमस्कार. आज आपण एक खोगीर पाहू."

कुणीतरी शिटी मारली. मी डोळे उघडले नाहीत. "रंग जांभळा. रुंदी दोन बोटं. प्लास्टिक मऊ आहे, पण जुनं असून चिकट झालेलं नाही, म्हणजे मालकाने जपलेलं आहे. पोटाखाली चाप आहे, तो थोडा सैल आहे. उजव्या भोकाच्या कडेला बारीक चीर आहे. तलवार त्यात बसते, हलवली तरी पडत नाही..." माझा आवाज मैदानाच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येत होता. बोलता बोलता मी आण्यांपर्यंत पोचले होते, तेवढ्यात समोरून एक किनरा आवाज आला.

"हे का?"

मी डोळे उघडले. पुढच्या रांगेत नातीपेक्षाही लहान एक मुलगी होती. धोतर सुटत आलेलं, मिशा काजळाने काढलेल्या. तिच्या लाकडी नंदीच्या पाठीवर जांभळं खोगीर होतं, आणि ते असं बसलं होतं की जणू त्याच्याच मापाचं.

मी माइक ठेवून खाली उतरले. तिची आई ओशाळून खोगीर ओढू लागली. पोरीने दोन्ही हातांनी नंदीला कवटाळलं.

"माह्या नंदीले सापडलं! त्याचं हाय!"

"दे वं, लोकायचं हाय ते!" आई म्हणाली.

"थांबा थांबा, ओढू नका," मी म्हटलं. चीर वाढली असती. मी पोरीसमोर खाली बसले. आमच्या ग्रुपमध्ये कुणाची वस्तू कुणी मागून घेत नाही, बदली करतात. ते मला येतं. मी आमच्या जनावराची झूल काढली आणि तिच्यापुढे धरली.

तिने लगेच घेतली नाही. आधी जरीचं कापड बोटाने चोळून पाहिलं. मग उलटी करून आतली शिवण बघितली. हे मी स्वतः करते, दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नव्हतं.

"गोंडे पण?" तिने विचारलं.

"गोंडे पण."

तिने चाप स्वतः काढला आणि खोगीर माझ्या हातात दिलं. चीर तेवढीच होती. मी तिच्या नंदीला झूल बांधून दिली, गाठ पोटाखाली घेतली. नात म्हणाली, "आजी, आता आपला बैल उघडाच राहिला." पण तीही त्या नंदीकडेच बघत होती.

तेवढ्यात गर्दीतून हेल्मेट छातीशी धरून एक दांडगा माणूस वाट काढत आला. घाम निथळत होता.

"ताई! तुम्हीच ना वं ताई?"

आवाजावरून ओळखलं, हे उमरेडचे भाऊ. मी खोगीर मुठीत मिटून घेतलं.

"मी चौकात पानठेल्यावर उभा. तुम्हाले फोन लावून राहिलो, उचलून नाही राहिल्या तुम्ही. आन् भोंग्यातून आवाज येते, नमस्कार, आज आपण एक खोगीर पाहू. म्हटलं, हा आवाज तर मी रोज ऐकतो! मंग ऐकतो तर माह्याच खोगिराचं चालू हाय. पानवाला मले म्हणे, भाऊ, तुमचा चेहरा काहून असा झाला?"

मी मूठ उघडून खोगीर दाखवलं. त्यांनी ते घेतलं, उजेडात धरलं, चाप वाजवून पाहिला.

"अर्ध्या बेसाले माहीत झालं माह्याकडे काय हाय ते," ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. "जपलेलं आहे म्हणे मालकाने. हे भोंग्यावर सांगतलं तुम्ही, हे लय भारी झालं." मग खोगीर त्यांनी माझ्याच हातात परत ठेवलं. "पण तुमचं बोलणं अर्धंच राहिलं ना. आधी ते पाठवा, मंग नेतो."

बक्षीस त्या मिशावाल्या मुलीच्या नंदीला मिळालं. आमच्या जनावराला लढाईतला बैल म्हणून एक कंपासपेटी मिळाली.

घरी आल्यावर सुनेने चहा टाकला. भाऊ शोकेससमोर हात मागे बांधून उभे होते, देवळात उभं राहावं तसे. त्यांच्यासमोर मला बोलता येईना. ते समजले आणि नातीला घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी ओट्यापाशी गेले, जनावरावर खोगीर चढवलं, वर सरड्याच्या तोंडाचा योद्धा बसवला, डोळे मिटले आणि सगळं सांगितलं. योद्धा बसतो, टिकतो, जनावर पुढे झुकत नाही, जांभळा तांबड्यावर खुलतो.

"पंधरा आणे," मी शेवटी म्हटलं.

खिडकीतून बाहेरून आवाज आला, "काहून ताई? एक आणा काहून कापला?"

मी फोन तोंडापासून हलवलाच नाही. "खरं सांगू का भाऊ? त्या पोरीच्या नंदीवर ते जास्त शोभत होतं."

पायरीवरून हसणं आलं, नातीचंही. ते सगळं फोनमध्ये भरलं गेलं. मी पुसलं नाही, तसंच पाठवलं.