पांढरी पाच

कुणी विचारलं, "एवढा मोठा संगीतकार खरंच तुमच्याबरोबर वाजवायचा?" की माझं डोकंच फिरतं. खरंच म्हणजे काय? मी काय थापा मारते? आणि माझ्याबरोबर नुसता वाजवायचा नाही, माझ्यासाठी लिहायचा. हे मी ठणकावून सांगते, मग समोरचा पाहुणा सासरचा असो की माहेरचा.

कॉलेजात आम्ही तिघं. तो पेटीवर, मी व्हायोलिनवर आणि सायखेड्याचा आमचा एक मित्र क्लॅरिनेटवर. या मित्राच्या घरची बँड पार्टी, त्यामुळे त्याची फुंकही वरातीच्या मापाची. संगीतकाराची गंगापूर रोडला भाड्याची खोली होती, तिथे आम्ही जमायचो. क्लॅरिनेट सुरू झालं की घरमालकीण वरून काठी आपटायची. मग मित्र कोपऱ्यातल्या गुंडाळलेल्या गादीत क्लॅरिनेटचं तोंड खुपसून वाजवायचा. संगीतकारानं कुठूनतरी परदेशी कॅसेटी मिळवल्या होत्या. त्यात गाणारं कुणी नाही, मोठा ताफा नाही, तीन-चार वाद्यं एका खोलीत बसून एकमेकांशी बोलतायत. चेंबर म्युझिक म्हणतात त्याला. हा म्हणाला, "आपल्याकडे खोली आहे, तीन वाद्यं आहेत. अजून काय लागतं?"

लागत होती ती धड पेटी. आमची पेटी पंचवटीतल्या एका भजनी मंडळानं टाकून दिलेली, गोदेच्या पुरात भिजलेली. उन्हात वाळवून वाळवून तिला बोलतं केलं, पण मधल्या सप्तकातली पांढरी पाच ही पट्टी काही केल्या बोलेना. दाबली की नुसता वारा. दुसरा कुणी असता तर त्यानं तो सूर टाळून लिहिलं असतं. यानं काय करावं? नेमका तोच सूर हवा अशी चाल लिहिली आणि तो सूर मला दिला. मधल्या संथ भागात पेटी एकटी वाजायची, व्हायोलिन गप्प. चाल त्या पट्टीपाशी आली की याचं बोट ती ओलांडून पुढे जायचं आणि तेवढा एक सूर मी भरायचा. गज तारेवर टेकवून मी वाट बघत बसायचे.

काय तोरा होता माझा तेव्हा! सबंध संथ भागात माझी एवढीशी जागा, पण माझ्यावाचून चाल पुरी होत नव्हती.

पुढे तो मुंबईला गेला आणि मोठा झाला. आज त्याच्या गाण्यांवर वराती नाचतात, आणि ती गाणी वाजवतो कोण, तर आमचाच मित्र. घरचा बँड आता तोच चालवतो. मी शाळेत गणित शिकवलं आणि संध्याकाळी घरी मुलांना व्हायोलिन. गेल्या हिवाळ्यात संगीतकाराचा फोन आला. नाशिकला त्याचा सत्कार ठरला होता. म्हणाला, "कॉलेजातल्या आपल्या त्या रचना वाजवायच्यात. तुम्ही दोघं नसाल तर मी वाजवणार नाही." फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात चक्क नाचले.

तालमीला त्याची मदतनीस पेटीवर बसली, हुशार तरुण मुलगी. तिनंच जुन्या कागदांवरून नवी प्रत केली होती. तो समोर खुर्चीत बसून ऐकत होता. संथ भाग आला, मी गज टेकवला, आणि माझी जागा आली तर तो सूर पेटीतूनच वाजला. मी थबकले.

"मॅडम, तुमचा तो एकच सूर मध्येच यायचा ना," मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तो मी पेटीतच घेतलाय. आता सलग वाटतं."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेले. "हो, छान सलग वाटतंय," तो म्हणाला. "असंच ठेवू."

अस्सं! साफ विसरला होता तो. बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "अगं, सांगायचं ना त्याला! मी सांगू का?"

"खबरदार! त्याचं त्याला आठवलं तर ठीक. मागून घेतलेला सूर मला नको."

"लय ताठ हायेस बघ तू."

आहेच. पण तो सूर गेला तर त्या रचनेत आमच्या खोलीचं, त्या भिजक्या पेटीचं, माझं काय उरत होतं? घरी येऊन मी रडले, हेही सांगून टाकते.

कार्यक्रमाला नाट्यगृह गच्च भरलं होतं. मित्र बँडचा लाल कोट घालून आला, सोनेरी झालरीसकट. "वरातीला चालतो, मग इथं काय झालं?" म्हणाला. ऐन वेळी संगीतकार मदतनीस मुलीला म्हणाला, "आज पेटी मी वाजवतो." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पेटी नवीकोरी, सगळ्या पट्ट्या ठणठणीत.

संथ भाग सुरू झाला. मी गज मांडीवर ठेवून बसायचं असं ठरलं होतं, पण हात कुठला ऐकतोय! गज तारेवर टेकलाच. चाल वळली, त्या पट्टीपाशी आली, आणि त्याचं बोट ती पट्टी ओलांडून पुढे गेलं. मध्ये जागा रिकामी राहिली. मी विचारबिचार केला नाही, सूर लावला.

त्यानं दचकून आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. चाल फिरून पुन्हा तिथेच आली तेव्हा मात्र त्यानं आधीच माझ्याकडे बघितलं आणि बोट मुद्दाम उचललं. लाल कोटवाला क्लॅरिनेट हातात धरून गालातल्या गालात हसत होता. मी तो सूर असा लावला की शेवटच्या रांगेतल्या माणसानंही मान वर करावी.

पडदा पडल्याबरोबर ती मुलगी धावत आली. "सर, तुमचा एक सूर दोन्ही वेळा राहिला!"

"राहिला नाही गं," तो म्हणाला. "तो माझ्या पेटीत कधी नव्हताच. हिचा आहे. प्रतीत तसं करून टाक."

"विसरला होतास ना?" मी विचारलंच.

"साफ," तो म्हणाला आणि आपलं बोट माझ्यापुढे धरलं. "पण हे नाही विसरलं."

"मग सत्कार त्या बोटाचा करायला हवा होता," मी म्हणाले, आणि तिथेच, सगळ्यांदेखत, माझे डोळे घळाघळा वाहायला लागले.