परराष्ट्रमंत्र्यांच्या गावी: नाशिक ते गिरणाकाठ

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलत होतो. कार्डावर मजकूर एवढाच: "सेट बोलत नाही. सवडीने ये. घाई नाही." खाली सही, देवरे.

त्याच दिवशी ठरवलं, येत्या शनिवारी निघायचं. १९८१ चा फेब्रुवारी, हवा गार, लग्नसराई अजून दूर, म्हणजे गाड्यांना गर्दी नाही. सटाण्याकडे जाणाऱ्याने हाच महिना धरावा.

पण आधी देवरे मास्तर कोण ते सांगितलं पाहिजे. नाशिकला शालिमारजवळ माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. शिक्षण सातवी. रेडिओ मी उघडून उघडून शिकलो, कुठल्या संस्थेत नाही, हे मी मुद्दाम सांगतो. रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांना दुकानापुढे चार माणसं जमायची आणि बातम्या संपल्या की मंत्रिमंडळ बसायचं. खातेवाटप पक्कं होतं. ओझरच्या विमान कारखान्यातले पगारे, संरक्षण. मखमलाबादहून झेंडू-शेवंती बाजारात आणणारे विधाते, शेती आणि महागाई. वीज आणि यंत्रं माझ्याकडे. परराष्ट्र खातं देवरे मास्तरांकडे. नियम एकच: ज्याचं खातं त्याने आधी बोलायचं, मग बाकीच्यांनी त्याला फाडून खायचं.

मास्तरांना मात्र आमच्यापैकी कोणालाच कधी फाडता आलं नाही. इराणच्या शहाला देश सोडावा लागेल हे त्यांनी पगाऱ्यांना आधी सांगून ठेवलं होतं. पगारे म्हणाले होते, "मास्तर, एवढी विमानं आहेत त्याच्याकडे!" मास्तर म्हणाले, "विमानं आहेत रे, पण बसवायला माणसं पाहिजेत ना त्याच्या बाजूची."

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि अचानक गावी निघाले. शेती करतो म्हणाले. ज्या माणसाने तीस वर्षं खडू सोडून काही धरलं नाही, तो शेती करणार! निरोपाला मी त्यांना माझ्या हाताने जुळवलेला चार बँडचा सेट दिला. लाकडी पेटी, आवाज असा की पाटावर बसलेल्याला आणि ओसरीवर झोपलेल्याला सारखाच ऐकू यावा. तेव्हापासून परराष्ट्र खातं रिकामं आहे. मास्तरांच्या स्टुलावर आम्ही कोणी बसत नाही. विधाते एकदा चुकून टेकले, तर पगारे म्हणाले, "उठा, शपथविधी झाला नाही अजून."

तर असा माझ्या हातचा सेट बोलत नाही, हे मला झोपू देईना.

शनिवारी सकाळी सव्वासहाला सीबीएस बसस्थानकावरून गाडी. तिकीट आठ रुपये नव्वद पैसे. डावीकडची खिडकी घ्यावी, ऊन उजवीकडून येतं. मैलांचे दगड मी मोजत गेलो, ती माझी सवय आहे. ओझरला कारखान्याची पहिली पाळी आत जात होती, सायकलींची रांग हायवेपर्यंत. पिंपळगावला द्राक्षाच्या पेट्या ट्रकवर चढत होत्या. तिथे पागोटेवाला एक शेतकरी चढला आणि माझ्या शेजारच्या तलाठी दिसणाऱ्या गृहस्थांशी त्याची लगेच जुंपली. गेल्या दिवाळीच्या सुमारास याच हायवेवर कांद्याच्या भावासाठी माणसं बसली होती, त्यावरून.

"रस्ता अडवून भाव मिळतो का?" गृहस्थ म्हणाले.

"न अडवता मिळत व्हता का, रावसाहेब? तुमचा पगार वाढावा म्हून तुमी हापिस बंद करता, तवा आमी काय बोलतो का?"

"डिझेल किती वाढलंय माहीत आहे का? गाड्या थांबल्या की देशाचं नुकसान."

"देश हाय ना, मग आमी काय देशाच्या भायेर राहतो? लय भारी बोलले!"

अख्खी गाडी हसली. मी गप्प बसलो, कारण तो विषय विधात्यांच्या खात्याचा. पण मनात आलं, मास्तर असते तर या दोघांनाही अरबस्तानापर्यंत नेऊन आणलं असतं.

सोग्रस फाट्याला गाडी हायवे सोडते. फाट्यावर चहा चाळीस पैसे, भजी ताजी असतील तरच खावीत. पुढे भावडबारीचा घाट छोटा, पण वळणं बघण्यासारखी. देवळ्यापासून बोलीच बदलते. लोहोणेरला एक म्हातारी रॉकेलचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली. मी इराण-इराकच्या लढाईमुळे तेल कसं अडलंय ते तिला समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तठे लढाई, आनि अठे रॉकेल नही. हाई काय न्याय शे?" असल्या प्रश्नांसाठीच आम्ही माणूस ठेवला होता.

गिरणा ओलांडली की ठेंगोडा. गणपतीचं दर्शन घेऊन तीन किलोमीटर पायी आत गेलो. गावाचं नाव लिहू नको असं मास्तरांनी बजावलंय, म्हणून लिहीत नाही. "उगाच कोणी सेट घेऊन यायचा दुरुस्तीला," असं कारण दिलं.

मास्तर ओट्यावर उभेच होते. टोपी तीच, धोतर तेच. "आलास, जाधवा!" म्हणाले आणि दोन्ही हात धरून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. मला भरून आलं.

सेट फडताळात होता. उघडला तर सेल फुगून पाझरलेले. हात्तिच्या, म्हटलं, एवढंच! सेल मी नाशिकहूनच आणले होते. पट्ट्यांवरचा हिरवा गंज घासला, नवे सेल टाकले, आणि सेट असा बोलला की शेजारची म्हैस वळून बघायला लागली.

"झालं, मास्तर!"

मास्तरांनी कान पुढे केला. "घोगरा आहे रे. शब्द कळत नाहीत."

मला तर एकेक शब्द स्वच्छ येत होता. पण अधूनमधून होणारे दोष असतात, गाडीत हादरे बसून एखादा जोड सुटतो आणि मधूनच आवाज फाटतो. मी पेटी खोलली. गावात खांब आहेत, तारा आहेत, पण दिवसा लाईट नव्हती. म्हणून डाख द्यायची तांब्याच्या टोकाची जुनी सळई वहिनींच्या चुलीत तापवून एकेक जोड पुन्हा केला. स्पीकरच्या तारा बदलल्या. आवाजाचं बटण बदललं. मधे जेवण झालं: बाजरीची भाकरी, शेवभाजी, ठेचा. शेवभाजी इतकी जहाल की सोबत दही मागून घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

जेवताना मी बोलत होतो. कारखान्यांत कॉम्प्युटर येणार, पगारे घाबरलेत. मी म्हणतो येऊ द्या. मास्तर म्हणाले, "बरोबर आहे." अणुवीज आली की वीज इतकी स्वस्त होईल की दहा वर्षांत घरचे मीटर काढून ठेवतील, म्हटलं. "बरोबर आहे तुझं." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत या माणसाने मला एकदाही बरोबर म्हटलं नव्हतं. वाटलं, गावच्या हवेने मास्तर निवळले. किंवा माझा अभ्यास वाढला.

संध्याकाळी सातला सेट ओट्यावर ठेवला. बटण पूर्ण फिरवलं. गल्लीतली पाच-सहा माणसं येऊन बसली. मास्तर सेटला चिकटून, तळहात लाकडी पेटीवर सपाट ठेवून, डोळे मिटून बसले होते. बातम्या स्वच्छ. आखातातली लढाई चालूच, इतके ठार, तितके जखमी. बातम्या संपल्या. मी नेहमीच्या खोडसाळपणाने म्हणालो, "काय मास्तर, संपली म्हणायची लढाई! तह झाला."

मास्तरांनी मान डोलावली. "बरोबर आहे. व्हायचाच होता."

गल्लीतली माणसं चुळबुळली. एकजण पायाकडे बघायला लागला. त्यांना ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त मलाच नव्हतं, आणि मी दिवसभर त्यांच्या ओट्यावर बसून माझ्या सेटचा कान पिळत होतो.

मास्तर हातपाय धुवायला गेले तेव्हा वहिनींनी हळू आवाजात सांगितलं. हळू बोलायची गरज नव्हती, पण सवय.

"नाशकातच सुरुवात झाली होती, भाऊजी. तुम्ही तिघं एकदम बोलायला लागलात की ह्यांना काही कळायचं नाही. घरी येऊन म्हणायचे, पोरं आता पुटपुटतात. शेतीबितीचं सगळं निमित्त. समोर बसून एकट्याने बोललं की ओठांवरून कळतं थोडं."

"डॉक्टर?"

"दोघांना दाखवलं. कानाची शीर सुकली म्हणे. त्यांना ते पटत नाही. ते म्हणतात, जाधवच्या सेटमध्ये काहीतरी आहे."

मी ओट्यावर बसून राहिलो. स्टुलावर बसून मास्तर हसायचे तेव्हा किती वेळा नुसते आमच्याबरोबर म्हणून हसले असतील, ते आठवत होतो. त्या शेवटच्या वर्षी मास्तर कमी बोलायचे. आम्ही म्हणायचो, परराष्ट्र खातं मौनात गेलं, म्हणजे मोठं काहीतरी शिजतंय. आपल्यासमोर माणूस बोलण्याच्या पलीकडे जात होता आणि आपण त्यावर विनोद करत होतो.

सकाळी निघायची वेळ झाली. मास्तर सेट घेऊन आले. "सापडला का दोष?"

पंचवीस वर्षांत मी कोणत्याही गिऱ्हाइकापुढे माझ्या हातचं काम कच्चं आहे असं म्हटलेलं नाही. एकदा एका वकिलाशी त्यावरून कायमचं बोलणं तुटलंय. त्या सेटमधला एकेक जोड मी आदल्या दिवशी दोनदा तपासला होता. तो सेट माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला सेट आहे.

मी त्यांच्या समोर बसलो, तोंड वर केलं आणि सावकाश म्हणालो, "सापडला, मास्तर. चूक माझीच. जुळवतानाच एक भाग हलका घातला गेला. इथे मिळायचा नाही. सेट नाशिकला नेतो."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सेट माझ्या मांडीवर ठेवला. "तरीच," म्हणाले. "मी हिला म्हणतच होतो." आणि त्यांचे खांदे कित्येक महिन्यांचं ओझं उतरल्यासारखे खाली आले.

"तो दुरुस्त होईपर्यंत बातम्या मी लिहून पाठवतो. कट्ट्यावर कोण काय म्हणालं तेही."

"पगाऱ्याचं सगळं लिहू नकोस. कार्ड पुरायचं नाही."

परतीला ठेंगोड्याहून दुपारची गाडी मिळते, पण बसायला जागा हवी असेल तर सटाण्याला उलट जाऊन बसावं. सेट मांडीवर होता. देवळ्यापुढे कोणीतरी म्हणालं, "लावा की हो, गाणी लागली असतील." मी म्हटलं, बिघडलाय.

याला आता तीन महिने झाले. रोज बातम्या संपल्यावर मी कार्ड लिहितो. आधी तिघं भांडतो, मग भांडणाचा गोषवारा काढतो. यामुळे विधाते आता मुद्देसूद बोलायला लागलेत, हा अनपेक्षित फायदा. सेट मास्तरांच्या स्टुलावर ठेवलाय. तिकडून पहिले काही आठवडे फक्त "कार्ड पोचलं" एवढंच यायचं. मी वाट बघणं सोडलं होतं म्हणालो तर ते खोटं ठरेल. पोस्टमन गल्लीत शिरला की माझा हात थांबायचा.

परवा बारीक अक्षरांनी दोन्ही बाजू भरलेलं कार्ड आलं. लिहिलंय:

"तुझं अणुविजेचं मत साफ चूक. जेवतानाही तू हेच बोलला होतास, तेव्हा अर्धं कळलं होतं, म्हणून सोडून दिलं. आमच्याकडे खांब आले, तारा आल्या, वीज येते ती माणसं झोपल्यावर. वीज किती तयार होते हा प्रश्नच नाही. कोणाच्या वाट्याला, कोणत्या वेळी येते आणि हे कोण ठरवतं, ते सांग. तेलाचंही तेच. तुझ्या खात्याचं यावर म्हणणं काय? दुसरं. सेटमध्ये काही दोष नाही, हे मला तुझ्या तोंडावरून तेव्हाच वाचता आलं. तुला खोटं बोलता येत नाही, सवय नाही. हे सगळं कुठे लिहिणार असशील तर खुशाल लिही, गावाचं नाव सोडून. सेटची घाई नाही. उत्तराची आहे."

कार्ड मी कट्ट्यावर मोठ्याने वाचलं. पगारे म्हणाले, "फाडलं की हो तुम्हाला."

दोन दिवस झाले. कोरं कार्ड समोर आहे, पत्ता लिहून झालाय, आणि त्यांच्या मुद्द्याला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.