बुधवारची पाळी

"मॅडम, शेजारच्या हौसाकाकूच्या पाइपाच्या व्हॉल्व्हला साखळी हाय, कुलूप हाय, किल्ली माझ्या करदोड्याला. मोटार माझ्या उसासाठी चालू असती, आन् बुधवार आला की पाणी जातंय तिच्या पेरूत. मनाई हुकूम मिळवून द्या."

सोपानराव शेळगावकडचे बागायतदार. बारामतीत माझ्या ऑफिसात बसून ते बोलत होते आणि मी मनातल्या मनात दावा मांडूनही टाकला होता. दिवाणी वकिलाची खोड, दुसरं काय.

भानगड जुनी होती. त्यांचे वडील, तात्या, विहीर खोदत असताना सुरुंग उडाला आणि शेजारचा माणूस गेला. दहाव्याला तात्यांनी बेल-भंडारा उचलला, म्हणजे खंडोबाची हळद आणि बेलाचं पान हातात घेऊन शपथ घेतली. विहिरीला पाणी आहे तोवर बुधवारची पाळी त्याच्या बायकोची. हौसाकाकूंची पेरूची बाग त्या एका पाळीवर उभी राहिली. पुढे तात्या वारले. सोपानरावांनी ऊस वाढवला, पाणी पुरेना, आणि त्यांनी बुधवार बंद केला.

"मी बांधील हाय का?" त्यांनी विचारलं.

"कायद्यानं नाही." लेखी करार नव्हता, सातबाऱ्यावर नोंद नव्हती. कोर्ट भंडाऱ्याला विचारत नाही. हौसाकाकूंना नोटीस मीच धाडली. ती घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"कुलपाला म्या हात लावला न्हाय, बाई. पाणी आपलं आपण येतंय. ते थांबलं तर बाग जळून जाईल माझी."

मला त्यांची दया आली. विश्वास मात्र बसला नाही. पुराव्यासाठी मी विहिरीवर कॅमेरा लावायला सांगितला.

पुढच्या बुधवारी दुपारी सोपानराव माझ्यापुढे बसून दाव्यावर सह्या करत होते. दुसऱ्या दिवशी ते मोबाइलवर रेकॉर्डिंग घेऊन आले. लख्ख ऊन. बांधावरून एक माणूस पाठमोरा चालला होता. तीच अंगकाठी, तेच रुंद खांदे.

"अहो, हे तर तुम्हीच," मी म्हटलं आणि वेळ बघितली. स्क्रीनवर दिसत होती त्या वेळेला ते माझ्याच ऑफिसात चहा पीत होते.

सोपानराव त्या माणसाच्या पायांकडे बघत होते. तो डावा पाय ओढत होता.

"मी कुठं लंगडतोय, मॅडम," ते हळूच म्हणाले. "सुरुंगाचा दगड तात्यांच्या पायावर पडला हुता."

माणूस व्हॉल्व्हपाशी वाकला. साखळी हलली नाही. पाण्याचा आवाज मात्र सुरू झाला. मग तो उठला आणि त्यानं हात सदऱ्याला पुसले. सदऱ्यावर पिवळे पट्टे उमटले.

मी घाबरले. घाबरले की मी कायदा बोलते. अनोळखी इसम, पोलिसात तक्रार, असं काहीबाही बोलत सुटले.

"दावा कुणावर लावायचा मग?" सोपानरावांनी विचारलं.

सवयीनं तोंडून निघून गेलं, "मयत माणसावर दावा चालत नाही. त्याच्या वारसांवर लावावा लागतो."

सोपानरावांनी सह्या केलेला दावा टेबलावरून उचलून खिशात घातला. तात्यांना ते एकुलते एक होते.

दावा दाखल झाला नाही. बुधवारच्या पाळीचा दस्त केला आणि सातबाऱ्यावर इतर हक्कांत हौसाकाकूंचं नाव चढवलं. कॅमेरा सोपानरावांनी स्वतःच उतरवला. वकिलाचा सल्ला कोर्टाच्या फाटकापर्यंतच चालतो, हे आता मी वकीलपत्रावर सही घेण्याआधी प्रत्येक पक्षकाराला सांगून टाकते.