लाल दिवा आणि माझे साडू

पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत जेवढी म्हणून पिवळी यंत्रं रस्ते खोदत, नाले उकरत, गिट्टी दाबत उभी आहेत, त्यांतल्या एकाही दिव्यावर माझ्या साडूंचा काडीचा विश्वास नव्हता. दिवा हा मुळात खोटं बोलण्यासाठीच लावलेला असतो, अशी त्यांची ठाम समजूत. पोकलेन असो, रोलर असो की ग्रेडर, ऑइलचा लाल दिवा पेटला आणि बझर कोकलायला लागला की मालकाचं काळीज हलायचं. इंजिनात ऑइलचा दाब नसेल तर आतलं लोखंड लोखंडाला खातं आणि इंजिन जाम होतं. साडूंचा चेहरा मात्र खुलायचा. "इंजिन एकदम टनाटन हाय. हा सेन्सर झूठ बोलून राहिला," असं ते सेन्सरकडे बोट रोखून म्हणत, आणि बहुतेक वेळा तेच खरं निघे. धुळीनं, पाण्यानं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरींनी सेन्सर बिघडत असतात.

खरं-खोटं करायची सरळ रीत आहे. सेन्सर काढायचा, त्याच भोकात काट्याचं साधं गेज बसवायचं, इंजिन चालू करायचं. काटा नीट वर चढला तर सेन्सर किंवा वायर खराब. काटा निजूनच राहिला तर दिवा खरा. ही रीत साडूंनीच अर्ध्या तालुक्याला शिकवली. पण वर्षानुवर्षं काटा त्यांच्याच बाजूनं उठत गेला आणि हळूहळू त्यांना काट्याचीही गरज वाटेनाशी झाली. मग उरले त्यांचे कान. हातभर लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा.

हा अविश्वास साइटवरच राहिला असता तर माझी तक्रार नव्हती. ताप आला की ते थर्मामीटर झटकून परत देत, "याचा पारा चढून राहिला, माझा नाही." दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब जास्त असल्याचं सांगितलं, तर हे म्हणाले, "डाक्टरसाहेब, पट्ट्याची नळी कुठं तरी लिकेज असन. पाहून घ्या एकदा." मी पांढुर्ण्यात शाळामास्तर, डॉक्टरांची मुलगी माझ्याच वर्गात. मी खिडकीबाहेर पाहत उभा राहिलो. जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला गेलो तर रांग सोडून ते एका अनोळखी माणसाच्या जीपचं बॉनेट उघडून बसले. सौंसरला माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांचा आवाज आला, "थांबा जी, जनरेटर रडून राहिला!" भटजी थांबले. मुलाकडच्या एका बाईंनी मला विचारलं, "हे तुमचे कोण?" मी "साडू" हा दोन अक्षरांचा शब्द इतका हळू उच्चारला, की त्या "काय?" म्हणाल्या आणि मला तो पुन्हा उच्चारावा लागला.

गेल्या हिवाळ्यात लोधीखेड्याला एका नात्यातल्या मुलीचं साक्षगंध, आमच्याकडचा साखरपुडा, होतं. साडू पांढरेशुभ्र कपडे घालून निघाले. बायकोनं हत्यारांची पिशवी मोटारसायकलवरून काढून घेतली होती. पेचकस तेवढा त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात लपवलेला. मी मागे बसलेला. गावाबाहेर नाल्यावर पुलाचं काम चालू होतं आणि तिथं बबनभाऊची पोकलेन बंद उभी होती. बबनभाऊ साडूंचा शाळेपासूनचा सोबती; आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशिनी चालवून त्यानं ही एक जुनी, पण स्वतःची घेतली होती. तो सिमेंट आणायला गेला होता. ऑपरेटर किसना म्हणाला, "दादा, दिवा लागला म्हणून मी बंद केली. तुमालेच फोन लावून राहिलो होतो."

साडूंनी डिपस्टिक ओढून पाहिली. ऑइल भरपूर. सेन्सरचं कनेक्टर काढलं, आत ऑइल झिरपलेलं. सेन्सर फुटल्याची ही त्यांच्या मते पक्की खूण. किसनाला इंजिन मिनिटभर चालू करायला लावून पेचकस कानाला लावला, डोळे मिटले. मजूर घमेली खाली ठेवून भोवती जमले होते.

"दादा, गेज लावून पाहू ना," किसना म्हणाला. "बाजूच्या क्रशरवर आहे. घेऊन येतो."

"तू मले गेज दाखवून राहिला काय रे?" साडू हसले. मजूरही हसले. "वायर काढून ठेव आन् चालव बिनधास्त. सेन्सर उद्या बदलवू."

बझर गप्प झाला. पोकलेनचा हात उचलला गेला. साडूंनी रुमालानं बोटं पुसली. पांढऱ्या सदऱ्याला एक डागही लागला नव्हता.

साक्षगंधाच्या पंगतीत ही कथा दोन्हीकडच्या मंडळींना ऐकावी लागली. नवरदेवाच्या काकांना साडू हातवारे करून सेन्सरची लबाडी समजावत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. किसनाचं नाव पाहून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, "ऐका आता," म्हणाले आणि फोनचा स्पीकर चालू करून पत्रावळीशेजारी ठेवला.

"दादा," किसनाचा आवाज सबंध पंगतीला ऐकू गेला, "इंजिन जाम झालं. ठोका मारला आन् बंदच पडलं. आता फिरूनच नाही राहिलं."

वाढणारा मुलगा वरणाची बादली घेऊन जागच्या जागी थबकला. साडूंनी फोन बंद करायला हात पुढे केला, पण खरकट्या बोटांनी पडद्यावर नीट दाबलंच जाईना, आणि पलीकडून किसना "दादा, ऐकू येऊन राहिलं काय?" असं विचारतच राहिला. शेवटी मी तो बंद केला.

नाल्यावर पोचलो तेव्हा बबनभाऊ आला होता. किसना मान खाली घालून उभा. बबनभाऊ त्याच्यावर ओरडत होता, "दिवा लागला होता तं चालवली काहून? उद्यापासून येऊ नको!"

साडूंना त्या वेळी नुसतं गप्प राहणं पुरेसं होतं. बरोबर मी होतो आणि मी तोंड उघडलं नसतं, हे लाज वाटली तरी सांगतो. साडू दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले.

"त्याले काही म्हणू नको बबन. त्यानं मशीन बंद केली होती. तो गेज आणतो म्हणत होता. मी हसलो त्याच्यावर. चार लोकांसमोर हसलो." मग किसनाकडे वळून म्हणाले, "चुकलो गा मी."

बबनभाऊनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फक्त पोकलेनच्या लोखंडी पट्ट्यावर जाऊन बसला.

इंजिन उघडलं तेव्हा कळलं, ऑइल भरपूर होतं, पण पंप झिजून गेला होता; दाब खरोखरच पडला होता. सेन्सर झिरपत होता, तरीही खरंच सांगत होता. साडूंनी ते इंजिन स्वतः बांधलं. बाकीची सगळी कामं सोडून ते रोज नाल्यावर जात, मान वर न करता काम करत. सौंसरच्या चहाच्या टपरीवर कुणी तरी "काय दादा, सेन्सर काय म्हणते?" असं विचारून हसलं, तेव्हापासून त्यांनी तिथला चहा सोडला. इंजिन पुन्हा सुरू झालं त्या दिवशी बबनभाऊनं त्यांना डबा खायला बोलावलं. दोघं संत्र्याच्या बागेच्या कडेला एका फडक्यावर बसून जेवले.

आता साडू मोठ्यानं बोलत नाहीत. लग्नाला येतात, कोपऱ्यात बसतात, आहेर देतात, जातात. माझी मेहुणी म्हणते, "घर कसं खायला उठून राहिलं." परवा त्यांच्याकडे गेलो होतो. दारच्या संत्र्याच्या झाडाची पानं पिवळी पडली होती. साडू बराच वेळ एक पान बोटांत फिरवत उभे राहिले आणि मला म्हणाले, "गुर्जी, तुमाले काय वाटते? पाणी जास्त होऊन राहिलं काय?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कशातलंच कधी काही विचारलं नव्हतं. मला झाडातलं ओ की ठो कळत नाही. वाटलं, म्हणावं, मला काय विचारता हो, तुम्हीच सांगा काही तरी ठासून, चूक असलं तरी चालेल. पण ते खरोखरच उत्तराची वाट पाहत होते. म्हणून मी त्यांच्या हातातलं पान घेतलं आणि उजेडाकडे धरून पाहू लागलो.