शेठची गाडी चांगली होती

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही, आमच्या ह्यांना तर नाहीच नाही. तोंडाने सांगणं मला जमायचं नाही, म्हणून मुलीच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे. शाळा माझी चौथीपर्यंत. अक्षराला हसू नकोस. बाकी जिथे हसू येईल तिथे खुशाल हस — मलाही लिहिताना दोनदा आलं, आणि मग लाज वाटली.

गोष्ट गाडीची आहे. म्हणजे सगळे ती गाडीचीच समजतात. थांब, नीट सांगते.

आमचे हे उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते. बावीस वर्षं एकाच शेठकडे. शेठ सिंधी, ह्यांच्याहून वयाने मोठे, निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलणारे. शेठनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी बाहेर कोणाला न देता ह्यांना दिली. पांढरी, लांबलचक, मागे डिकी असलेली. किल्ली हातात ठेवताना म्हणाले होते, "मास्टर, बेटी समझ के दे रहा हूँ. हिला रडवू नको."

हे ती किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून, वरून हात धरून, बेलवलीला आमच्या घरापर्यंत आले. गाडी चालवत नव्हे — रिक्षाने! गाडी मागून शेठचा ड्रायव्हर घेऊन आला. ह्यांना तेव्हा नीट चालवता कुठे येत होती?

बिल्डिंगखाली सासूबाईंनी गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सगळे जमले. बाजूच्या विंगमधले कर्णिक साहेब, अंबरनाथला फॅक्टरीत ऑफिसर, त्यांच्याकडे हीच गाडी, रंग तेवढा चॉकलेटी. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "भरवशाची गाडी आहे हो. आठ वर्षं झाली, आमची एकदाही रुसली नाही." ह्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कर्णिक साहेबांना दोन पेढे दिले.

आमचीही रुसली नाही. पहिले चार महिने.

आमच्या बिल्डिंगला पार्किंगवर छप्पर नाही. वर शेवग्याचं झाड आणि त्यावर कावळे. म्हणून ह्यांनी कारखान्यात उरलेल्या कापडाचं गाडीला कव्हर शिवलं — जीन्सचं! दुहेरी शिवण, पिवळा दोरा, आणि कारागिरांनी मस्करीत मागच्या बाजूला दोन खिसेसुद्धा लावून दिले. पोरं ओरडायची, "गाडीने पँट घातली!" ड्रायव्हरच्या दाराशी मात्र ह्यांनी एक लांब चेन बसवली होती, म्हणजे पूर्ण कव्हर न काढता दार उघडून आतलं काही घेता यावं. ही चेन लक्षात ठेव. सगळं त्या चेनमधून आत गेलं — म्हणजे मी गेले.

एका दुपारी सासूबाईंचे डॉक्टरचे कागद गाडीत राहिले होते. ह्यांनी फोन करून मला खाली पाठवलं. मी चेन उघडली, आत शिरले, कागद शोधायला सीटवर बसले, आणि कावळा अंगावर नको म्हणून दार ओढून घेतलं.

आणि एकदम गप्प झालं सगळं.

तुला कळतंय का मी काय म्हणते? आमचं घर वन रूम किचन. सासूबाई, त्यांचा टीव्ही, दोन मुलं, एक दीर. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि मी पहिल्यांदा अशा जागी बसले होते जिथे मला कोणी हाक मारली तरी ऐकू आली नसती. किती वेळ बसले कोण जाणे. वर गेले तर सासूबाई म्हणाल्या, "कागद आणायला गेली होतीस की डॉक्टर आणायला?"

दुसऱ्या दिवशी मी दळणाचं निमित्त काढलं. गिरणी बिल्डिंगच्या मागेच. डबा ठेवायचा, "तासाभराने नेते" म्हणायचं, आणि पदराखाली किल्ली घेऊन चेनमधून आत. किल्ली देव्हाऱ्याच्या खालच्या खिळ्याला असायची; सासूबाई जेवून आडव्या झाल्या की खिळा रिकामा. हळूहळू मी अर्धाच डबा दळायला नेऊ लागले, म्हणजे पीठ लवकर संपेल. सासूबाईंना वाटायचं, मुलं वाढीला लागली.

आत अंधार — जीन्सचं कापड जाड — म्हणून छताचा दिवा लावायचे. उकडायचं, म्हणून किल्ली ह्यांच्यासारखी दोनदा फिरवून पंखा सोडायचे, पूर्ण जोरात. आणि रेडिओ. इंजिन बंद. धूर नाही, पेट्रोल नाही. म्हणजे फुकट — असं मला वाटायचं. घरात पंखा लावला की मीटर फिरतो. गाडीला कुठे मीटर होता?

आणि रेडिओ कशाला, तर मी बोलायचे ते बाहेर जाऊ नये म्हणून. हो, बोलायचे! चारचौघांत मान वर न करणारी मी, त्या गाडीत स्टिअरिंग धरून मोठ्याने बोलायचे. मागच्या सीटवर मनातल्या मनात सासूबाईंना बसवायचे आणि अंबरनाथच्या देवळापर्यंत न्यायचे. वाटेत सगळं ऐकवायचे. माझ्या माहेरच्या साडीला त्या पायपुसणं म्हणाल्या होत्या, तिथपासून सुरुवात. त्या मधेच काही बोलू लागल्या की मी जोरात ब्रेक दाबायचे. त्या पुढच्या सीटवर आपटायच्या. चिक्की खात खात हे सगळं चालायचं.

मग एका रविवारी गाडी सुरू झाली नाही.

ह्यांनी किल्ली फिरवली. खट्. पुन्हा फिरवली. खट्. खिडक्यांमधून माणसं डोकावली. कर्णिक साहेब पायजम्यावर खाली आले आणि म्हणाले, "आश्चर्य आहे. आमची कधी असं करत नाही." ते तिथून पुढे प्रत्येक वेळी हेच म्हणाले. ह्यांना गाडी बंद पडण्यापेक्षा कर्णिक साहेब खाली येण्याचा जास्त राग यायचा.

बॅटरी बदलली. महिन्याभरात तीही बसली. मेकॅनिकने स्टार्टर काढून साफ केला. कोणी म्हणालं लिंबू-मिरची उलटी बांधली आहे. दिराच्या साखरपुड्याच्या दिवशी तर आम्ही सगळ्या बायका जरीच्या साड्या नेसून गाडी ढकलत होतो, आणि सासूबाई आत बसून, काच खाली करून, "नीट ढकला गं!" म्हणत होत्या. सगळ्यांत जास्त जोर मी लावला. कोणाला माहीत होतं का लावते ते? मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

मला कळलं ते गावाहून आल्यावर. मी जायच्या आदल्या आठवड्यात आजारी होते, खाली गेलेच नव्हते. मग दहा दिवस गावी. परत आल्यावर ह्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू. मेकॅनिकने डोकं खाजवलं. "काका, उभी राहिली तर बरी, वापरली तर आजारी — अशी गाडी मी पाहिली नाही. घरातलं कोणी आत बसून पंखा, रेडिओ लावत नाही ना? त्यानेही बॅटरी उतरते."

ह्यांनी छाती फुगवून सांगितलं, "आमच्या घरात माझ्याशिवाय कोणाला गाडीतलं एक बटणसुद्धा लावता येत नाही."

मी तिथेच होते. हातात चहाचा ट्रे. आता सांग, एवढंसं वाक्य होतं — "अहो, मी बसते." तीन शब्द. मी म्हणाले, "साखर बघा, कमी असेल तर आणते."

पुढचं ऐकून तुला माझा राग येईल. यावा. मी आठ दिवस खाली गेले नाही. नवव्या दिवशी गेले. मनाशी ठरवलं, दिवा लावायचा नाही, नुसता पंखा. मग ठरवलं, पंखा हळू, रेडिओ हळू. जणू बॅटरी माझ्याकडे बघून समजून घेणार होती.

इतक्यात कोणीतरी ह्यांच्या डोक्यात घातलं की असं वायरिंग पुरात बुडालेल्या गाडीचं होतं. आमच्याकडे नदीचं पाणी चढलं की किती गाड्या बुडतात, ते सगळ्यांना ठाऊक. पुसून-पासून विकतात, घेणारा फसतो. ह्यांनी आधी ऐकून सोडून दिलं. मग जेवताना त्याच्यावर विचार करू लागले. मग झोपेनासे झाले. "बावीस वर्षं," एवढंच म्हणायचे. "बावीस वर्षं, आणि मलाच?"

शेवटी कारखान्यात सगळ्यांसमोर शेठना बोलले. शेठ दुसऱ्याच दिवशी दुपारी आमच्या बिल्डिंगखाली येऊन उभे राहिले. त्या वयात, त्या उन्हात. हे त्या दिवशी कामावर गेलेच नव्हते; खाली उतरले, पण शेठना वर बोलावलं नाही. मीच पाणी घेऊन खाली गेले. कर्णिक साहेब आलेलेच होते.

"मेरे गुरू की कसम, मास्टर," शेठ म्हणत होते, "ह्या गाडीला माझ्या घरी कधी पाणी लागलं नाही, धुण्याचं सोडून. दे किल्ली. मी बघतो."

किल्ली घेऊन ते चेनमधून आत शिरले. आणि त्या सकाळपासून मला माझा चष्मा सापडत नव्हता.

शेठ आत बराच वेळ होते. त्यांनी काय काय पाहिलं असेल? सीट पार पुढे ओढलेली, ह्यांचे गुडघे मावायचे नाहीत इतकी — एरवी मी उतरताना मागे सारायचे, आदल्या दिवशी राहिलं. चिक्कीचे कागद. पंख्याचं बटण शेवटच्या टोकाला. आणि समोर, काचेखाली, बाईमाणसाचा चष्मा, एका बाजूला दोरी बांधलेला. ज्यांनी ती गाडी मुलीसारखी ठेवली होती, त्यांना काय सांगायला लागणार?

बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे धरून, डोळे बारीक करून उभी. मग ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या कपाळावरची शीर उडत होती.

"हां मास्टर," ते म्हणाले. "पाण्यात गेली होती. मी सांगितलं नाही. गलती माझी."

कर्णिक साहेब म्हणाले, "तरीच!"

शेठ पाणी प्यायले. ग्लास ट्रेवर ठेवताना रुमालाखालून चष्मा ठेवला आणि हळू म्हणाले, "संभाल के, बेटा." आणि गेले. त्यांनी असं का केलं? त्यांना काय वाटलं असेल — मी आत कोणाबरोबर बसते? की ह्यांचा राग त्यांना बावीस वर्षं माहीत होता? मी विचारलं नाही. मी चष्मा लावला, आणि त्यांची पाठ मला स्पष्ट दिसू लागली.

ह्यांनी ती नोकरी सोडली. आता दुसरीकडे जातात, एका कालच्या पोराच्या हाताखाली, जो ह्यांना कैची कशी धरायची ते सांगतो. शेठच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, वर मिठाईचा डबा. हे म्हणाले, डबा परत जाईल. तोवर मी त्यातल्या दोन बर्फ्या खाल्ल्या होत्या. डबा तसाच परत गेला — दोन खड्ड्यांसकट. तेही शेठनी पाहिलं असणार.

गाडी अंबरनाथच्या एका शिक्षकाला विकली. तो माणूस इतका चांगला की दर दिवाळीला फोन करतो. एकदाही बंद पडली नाही म्हणतो. हे म्हणतात, "बिचाऱ्याला अजून कळलं नाहीये."

मुलीचं लग्न झालं. मागच्या महिन्यात जावई घरच्यांसकट जेवायला आला होता. त्याच्या ऑफिसातले एक वयस्क साहेब आपली जुनी गाडी त्याला देणार आहेत, मोठ्या मायेने, असं तो सांगत होता. ह्यांनी हातातली पुरी खाली ठेवली. "ओळखीच्या माणसाकडून कधी घेऊ नका. मी घेतली होती एका चोराकडून. विश्वास नसेल तर ह्यांना विचारा, तुमच्या सासूबाईंना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जावई, मुलगी, व्याही, विहीणबाई.

मी खाली बघून गप्प राहिले असते तरी चाललं असतं. नेहमी तेच करते. पण मी म्हणाले, "हो. फसवलं त्यांनी आम्हाला."

इतक्या वर्षांत मी चारचौघांत ह्यांची बाजू घेऊन बोलले, ती पहिलीच वेळ. हे इतके खूश झाले की त्यांनी आणखी दोन पुऱ्या मागितल्या. मी त्या तळायला आत गेले.