पाण्याच्या दिवशीचा अंगठा

आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत छापून आलेला असा एकही कागद नसेल, जो आमच्या समोरच्या अक्कांनी मोठ्यांदा वाचून गल्लीला ऐकवला नाही. लग्नपत्रिका, औषधाची बाटली, दुकानाची पाटी, भज्यांना गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा, काहीही चालायचं. अक्षर दिसलं की अक्का थांबायच्या आणि अक्का थांबल्या की त्यांच्या मागचं सगळं जग खोळंबायचं. एकदा मी त्यांना स्टँडवर करमाळ्याच्या गाडीत बसवून द्यायला गेलो होतो. गाडी समोर उभी, कंडक्टर घंटी मारतोय आणि अक्कांनी पाटी वाचायला घेतली. "क... र... मा..." इथवर आल्या आणि गाडी हलली. मी ओरडलो, "अक्का, चढा, हीच गाडी आहे!" त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमी म्हंता म्हनून चढू व्हय? पुरी वाचू तर द्या की." पुढची गाडी यायला दोन तास लागले. ते दोन तास मी धुमसत बाकावर बसून काढले आणि अक्कांनी आगारातल्या सगळ्या सूचना वाचून काढल्या.

अक्कांचं वय साठीच्या आसपास, आणि वाचायला लागून त्यांना जेमतेम वर्ष झालेलं. माहेर करमाळा तालुक्यातलं, जेऊरकडचं. लहानपणी भावाला शाळेत घातलं आणि यांना शेळ्यांमागे पाठवलं. शेळ्या शाळेच्या भिंतीकडेला चरायच्या, त्यामुळे अक्कांचे पाढे तीसपर्यंत पाठ, पण अक्षर एक येत नव्हतं. लग्न होऊन सोलापुरात आल्या आणि टॉवेलच्या कडा शिवायला बसल्या त्या आजतागायत. आमच्या गल्लीतल्या शाळेत संध्याकाळी पाच वाजता मोठ्या बायकांचा वर्ग सुरू झाला, तेव्हा चौथीतल्या नातीनं त्यांना हाताला धरून नेलं. पहिल्याच महिन्यात एक दिवस त्या शिवणयंत्रावरून ताडकन उठून आमच्या दारात आल्या. हातात टॉवेल होता. टॉवेलाच्या कोपऱ्याला कापडी चिठ्ठी असते, तिच्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊ, ह्यात लिवलंय, पैल्यांदा येगळं धुवा, रंग जाईल. तीस वर्सं ही चिट्टी मी शिवतीया आन आज कळलं मी काय शिवत हुते!" त्या हसत होत्या, पण डोळ्यांना पदर लावला होता. मी चहा ठेवायला सांगितला.

त्यानंतर मात्र अक्कांनी कुणालाच सुखानं जगू दिलं नाही. गल्लीच्या टोकाला एकजण घरातच सूत रंगवतो. उरलेलं रंगाचं पाणी तो बोअरशेजारच्या गटारात सोडून द्यायचा. उन्हाळ्यात त्या बोअरला कधी कधी गुलाबी पाणी यायचं. त्याला एकदा बोललं पाहिजे असं मी पाच वर्षं म्हणत होतो. अक्कांनी रंगाच्या डब्यावरची सूचना वाचली, पाण्याच्या साठ्याजवळ टाकू नये, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्याच्या दारात उभं राहून तो डबा मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली. भांडण नाही, शिवी नाही, नुसतं वाचन. आठव्या दिवशी त्यानं हात जोडले आणि रंगाच्या पाण्यासाठी वेगळं पिंप आणलं. मी अक्कांना म्हटलं, "तुम्ही कमाल केलीत." तर म्हणाल्या, "मी कशाची करतीया, डब्यावर लिवलेलंच हाय की. त्यो बी वाचाय शिकलेला हाय, तुमी बी हायसा."

माझ्यावर त्यांचा खास राग होता तो माझ्या सहीवरून. मी विम्याच्या ऑफिसात कारकून. दिवसातून शंभर सह्या करून करून माझ्या सहीत आता एक गाठ, एक वळसा आणि एक लांब शेपूट एवढंच उरलंय. अक्कांनी ती कुठल्यातरी पावतीवर पाहिली आणि वाचायला घेतली. पाच मिनिटं झाली तरी सुरुवात सापडेना. शेवटी कागद उलटा धरून पाहिला. "ह्यात तुमचं नाव कुटं हाय?" मी म्हटलं, "अक्का, सही अशीच असते." त्या म्हणाल्या, "आसंल बाई. मला वाटलं गांडूळ सुटलं." तेव्हापासून त्यांच्या लेखी गल्लीत अडाणी असा मी एकटाच उरलो होतो.

आता मूळ गोष्टीवर येतो. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. त्याला आम्ही पाण्याचा दिवस म्हणतो. त्या दिवशी पाहुणा आला तर आधी त्याच्या हातात बादली देतात आणि मग कधी आलात म्हणून विचारतात. अशाच एका पाण्याच्या दिवशी सकाळी फाइल आणि शाईचं पॅड घेऊन एक कारकून गल्लीत आला. "शाळेचा कागद आहे, पालकांच्या आणि रहिवाशांच्या सह्या पाहिजेत," एवढंच म्हणाला. खोटं काही बोलला नाही बिचारा. पण नळाची धार बारीक होत चाललेली, पिंप अर्धं रिकामं, अशा वेळी वाचत कोण बसतो? माझ्या एका हातात पाइप होता, त्यानं भिंतीला टेकवून धरलेल्या फाइलीवर दुसऱ्या हातानं मी माझी ती गाठ मारून दिली. दिली आणि विसरलो.

आठ दिवसांनी शाळेच्या बाईंनी संध्याकाळच्या वर्गात सांगितलं, की पटावर मुलं कमी असल्यामुळे आपली शाळा हायवेपलीकडच्या शाळेला जोडणार आहेत. शनिवारी साहेब येऊन जाहीर करतील. वर्ग पास झालेल्या बायकांना साक्षरतेची प्रमाणपत्रंही त्याच दिवशी देतील, कारण नंतर हा वर्ग भरणार नाही. "आता काही होण्यासारखं नाही, अक्का," बाई म्हणाल्या. "आमची हरकत नाही असं गल्लीनंच सह्या करून लिहून दिलंय."

त्या दिवशी घरी अक्कांच्या मुलानं सांगून टाकलं. तो काही वाईट माणूस नाही. बारा तास यंत्रमागावर उभा असतो. म्हणाला, "हायवे वलांडून पोरगीला रोज सोडनार कोन? चौथी लई झाली. बसंल तुज्यासंगं कडा शिवत." नात तिथंच बसून वहीला कव्हर घालत होती, ती घालतच राहिली. हे सगळं मला अक्कांनी दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन सांगितलं. आमच्या भिंतीवर नवीन कॅलेंडर लावलेलं होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"भाऊ, त्यो हरकतीचा कागूद हाय न्हवं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्यावर माजा अंगठा हाय."

"अंगठा? अहो, तुम्हाला सही येते!"

"येती की. पर पान्याचा दिवस हुता. हंडा भरत आलता. त्यानं पॅड म्होरं केलं आन अंगठा आपसुक गेला. चाळीस वर्सांची खोड, भाऊ. रेशनला अंगठा, हजेरीला अंगठा. मन शिकलं, पर अंगठा न्हाय शिकला." मग म्हणाल्या, "माज्या अंगठ्यानं माज्या नातीची शाळा मोडली. आन शनवारी मलाच सर्टिफिकेट देनार. कुटल्या तोंडानं घिऊ?"

मला तेव्हा लख्ख आठवलं, भिंतीला टेकवलेली फाइल आणि हातातला पाइप. खरं तर तिथंच सांगायला हवं होतं. पण बी.कॉम. झालेला माणूस, न वाचता सही करून बसलो हे अक्कांना सांगायचं कसं? मी म्हटलं, "जाऊ द्या अक्का, एवढ्या सह्यांत तुमचा अंगठा कोण बघतो? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ कुटली झाकली भाऊ," त्या उठत म्हणाल्या, "अंगठाच भायेर ऱ्हायलाय की."

शनिवारी शाळेचा हॉल गच्च भरला. बाहेर मागांचा खडखडाट चालू होता, आत पंखा बंद. अक्का पहिल्या रांगेत इस्त्रीचं लुगडं नेसून बसल्या होत्या, शेजारी नात. मी मागे दाराजवळ जागा धरली. दाराजवळ का, ते माझं मला माहीत होतं. साहेब बोलायला उठले. माणूस सभ्य होता. पलीकडची शाळा मोठी आहे, संगणक आहेत, असं सगळं सांगून त्यांनी शेवटी फाइल उघडली. "आणि आपण सर्वांनी लेखी संमती दिलीच आहे. तेव्हा..."

"दावा की कागूद," अक्का उभ्या राहिल्या.

साहेब म्हणाले, "मी वाचून दाखवतो, मावशी."

"न्हाय. मी वाचनार."

त्यांनी कागद घेतला आणि सुरुवात केली. आम्ही... खाली... सही... करणारे... एकेक अक्षर सुटं व्हायचं, मग जोडलं जायचं, मग पुन्हा पहिल्यापासून तो शब्द. जोडाक्षर आलं की अक्का थांबायच्या, ओठ हलायचे आणि सबंध हॉल श्वास धरून बसायचा. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. साहेबांसोबत आलेल्या त्या फाइलवाल्या कारकुनानं कागदाला हात लावायला पाहिलं, तर नातीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरला. कुणीतरी मागून हसलं, पण ते हसू लगेच विरलं. दहा ओळींना पंधरा-वीस मिनिटं तरी लागली असतील. त्या वेळात माझा शर्ट पाठीला चिकटला, कारण अक्का काय करणार ते मला दिसत होतं. त्या खालची नावंही वाचणार होत्या.

"...शा... ळा... शाळा बंद करण्यास आमची... ह-र-क-त... हरकत नाही." अक्कांनी मान वर केली. "सायब, ही हरकत आमच्यातल्या एकीनं बी वाचल्याली न्हाय. पान्याच्या दिवशी कागूद फिरवला. हितं पैला अंगठा माजा हाय. मला सही येती, वाचता बी येतं, तरीबी मी न वाचता अंगठा दिला. तुमचं सर्टिफिकेट मला नगं, ते ठिवा. पर ह्यो अंगठा मी माघारी घेती."

मग त्यांचं बोट अंगठ्याखालच्या ओळीवर गेलं आणि तिथं थबकलं. मला इतक्या लांबूनही कळलं, कुठं थबकलं ते. ती गाठ, तो वळसा, ते शेपूट त्यांनी किती वेळा माझ्या तोंडावर टाकलं होतं! गल्लीत ती सही ओळखणारी दुसरी व्यक्ती नव्हती. अक्कांनी डोळे उचलून थेट दाराकडे पाहिलं. मी पाहत राहिलो. त्यांनी पुन्हा कागदाकडे मान वळवली.

"ही वाचता येत न्हाय," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या नावाकडे गेल्या.

आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. स्वतःचा अंगठा भर सभेत दाखवणाऱ्या बाईनं माझी सही पदराखाली घेतली होती. दार हातभर अंतरावर होतं. पाय दाराकडे वळलेही असतील, खोटं कशाला सांगू? पण मी उठलो आणि म्हणालो, "ती माझी आहे. मीही वाचलं नव्हतं." मग गल्लीच्या टोकाचा रंगारी उठला. मग बायका उठल्या, एकीमागून एक. कुणी म्हणाली मी पिंप भरत होते, कुणी म्हणाली माझ्या कडेवर पोर होतं. शेवटी अक्कांचा मुलगा उठला आणि आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला. साहेबांनी चष्मा पुसला आणि त्या कागदावर आडवी रेघ मारली. "या वर्षी शाळा इथेच राहील," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीचं मी आज सांगू शकत नाही." आणि पहिलं प्रमाणपत्र त्यांनी स्वतः उठून अक्कांच्या हातात दिलं. ते मिळाल्याची सही करायच्या आधी अक्कांनी अख्खं प्रमाणपत्र वाचलं, छापखान्याच्या नावासकट. साहेबांचा चहा पार निवला.

नात आता पाचवीत गेली आहे. शाळा अजून आमच्याच गल्लीत भरते. पुढच्या वर्षीचं कुणी सांगत नाही, आणि बाई दर महिन्याला पट मोजतात. अक्का मात्र दिवाळीनंतर जेऊरला गेल्या. शाळेत घातला होता तो भाऊ आता म्हातारा झालाय, डोळ्यांनी दिसत नाही. अक्का रोज सकाळी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवतात. सबंध पेपर म्हणे त्यांना तीन दिवस पुरतो, पण भाऊ कधी घाई करत नाही. गल्ली फार शांत झाली आहे. भजी येतात, कागद येतो, मी उलगडून पाहतो आणि फेकून देतो.

मागच्या महिन्यात त्यांचं पत्र आलं. पेन्सिलीनं लिहिलेलं, ओळ सोडून खाली घसरलेली अक्षरं. नातीची चौकशी, शाळेची चौकशी, रंगाऱ्याच्या पिंपाची चौकशी. शेवटी लिहिलं होतं, उत्तर पाठवा आणि खाली वाचता येईल असं नाव लिहा. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. शेवटी हात सवयीनं गाठ मारायला निघाला, तो मी आवरला. मग एकेक अक्षर सुटं काढत, वडिलांच्या नावासकट, पूर्ण नाव लिहिलं. वेळ लागला. दारात नळाला पाणी आलं होतं आणि बायको हाका मारत होती, पण मी नाव पुरं होईपर्यंत उठलो नाही.